पेंग्विनाचीं तीन अंडीं

वैशाख सरत आला कीं आपल्याकडे कावळ्यांची काड्या वेंचण्याची गडबड सुरू होते. आणि पावसाच्या सरी पडूं लागल्या म्हणजे विहिरीवर वांकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकूं लागतात. पिलांच्या तोंडीं घालावयास दाणा अगर किडा मुबलक मिळेल अशा ऋतूचा अंदाज बांधूनच पक्षी संसार मांडतात. निसर्गाचा हा हिशेब इतका सरळ आहे कीं, त्याच्या उलट जाणारा पक्षी आहे असें कोणी सांगितलें तर आपण प्रथम सांगणाऱ्यावरच शंका घेऊं. तथापि असा एक पक्षी पृथ्वीच्या दक्षिण टोंकाशीं आहे. जेथें हिवाळ्यांत महिनेच्या महिने सूर्य उगवत नाहीं, तेथें ऐन रात्रीच्या तोंडाशीं हा पक्षी अंडें घालतो. आणि तेंहि घरटें न बांधतां, गोठलेल्या समुद्राच्या पाठीवर. एंपरर, म्हणजे सम्राट, असें त्या पेंग्विनाचें नांव आहे. त्याचें अंडें मिळविण्याकरितां इ. स. १९११ च्या हिवाळ्यांत तीन ब्रिटिश गृहस्थ पांच आठवडे काळोखांतून चालले. त्यांनीं तीन अंडीं आणलीं, आणि ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं तीं आणलीं तो प्रश्नच पुढें चुकीचा ठरला. ही हकीकत इंग्रजी वाचणाऱ्यांस परिचयाची असली तरी मराठींत ती क्वचितच सांगितली जाते, म्हणून येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

या पक्ष्याचें शास्त्रीय नांव फॉर्स्टर या निसर्गशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे. हा फॉर्स्टर कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरींत (१७७२–७५) त्याच्याबरोबर होता. पुढें जेम्स रॉस याच्या १८३९–४३ च्या सफरींत पक्ष्याचे नमुने हातीं आले, आणि १८४४ सालीं जॉर्ज ग्रे यानें त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. त्याच सुमारास द्युमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच कप्तानानें दक्षिणेकडील एका किनाऱ्यास आपल्या पत्नीचें, आदेलीचें, नांव दिलें. तेंच तेथल्या लहान जातीच्या पेंग्विनासहि चिकटलें. अशा रीतीनें नांवें ठरलीं व पेंढा भरलेले देह संग्रहालयांत उभे राहिले. परंतु सम्राट पेंग्विनाचें बिऱ्हाड कोठें असतें, तो अंडें केव्हां घालतो, हें पुढें जवळजवळ साठ वर्षें कोणास ठाऊक नव्हतें.

स्कॉटच्या पहिल्या, ‘डिस्कव्हरी’ जहाजावरील सफरींत, म्हणजे १९०२ च्या ऑक्टोबरांत, स्केल्टन नांवाच्या अधिकाऱ्यास रॉस बेटाच्या पूर्व टोंकास, क्रोझियरच्या भूशिराखालीं, या पक्ष्यांची वसाहत दिसली. त्या वेळीं तेथें पिलें होतीं. सफरींतील प्राणिशास्त्रज्ञ डॉ. एडवर्ड विल्सन यानें ठरविलें कीं, पुढील सालीं लवकर जावयाचें. १९०३ च्या सप्टेंबरांत तो तेथें पोंचला, तेव्हांहि पिलें अंड्यांबाहेर आलेलींच! टाकून दिलेलीं, गोठलेलीं कांहीं अंडीं त्याला मिळालीं. परंतु वाढत्या गर्भाचें अंडें मिळालें नाहीं. ज्या अर्थी सप्टेंबरांत पिलें आहेत, त्या अर्थी अंडीं भर हिवाळ्यांत उबविलीं जात असलीं पाहिजेत, असें अनुमान त्यानें काढलें. हें अनुमान सर्वस्वीं बरोबर होतें. त्या वसाहतींत त्यानें आणखी एक गोष्ट पाहिली ती मनास चटका लावणारी आहे. ज्यांचें पिलूं नव्हतें असे पक्षी दुसऱ्याच्या पिलावर तुटून पडत, आणि त्या ओढाताणींत पिलूं मरून जाई. मेलेलें पिलूंहि कित्येक पक्षी पायांवर घेऊन उबवीत उभे असत.

आतां वाढत्या गर्भाचें अंडेंच कां पाहिजे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मन पंडित हेकेल याचा एक सिद्धान्त फार गाजला होता. गर्भ वाढत असतां आपल्या जातीच्या पूर्वजांनीं चढलेल्या सर्व पायऱ्या पुन्हां एकदां चढतो, असें त्याचें म्हणणें. १८६१ सालीं बव्हेरियाच्या दगडांत पिसें असलेला आणि दांतहि असलेला असा एक अतिप्राचीन पक्षी सांपडला होता. पक्षी हे सरपटणाऱ्या प्राण्यांपासून झाले, ही गोष्ट त्यामुळें मनांत ठसली. विल्सनला वाटे कीं पेंग्विन हा हयात पक्ष्यांत सर्वांत आदिम, आणि त्यांतहि सम्राट अधिक आदिम. तेव्हां त्याच्या कोंवळ्या गर्भांत दांतांचे अंकुर दिसतील, खवल्यांचीं पिसें होतांना दिसतील. एका अंड्यांत पक्षिजातीची सारी वंशावळ वाचावयास मिळेल, ही आशा लहान नव्हे.

१९१० सालीं स्कॉट दुसऱ्यांदां दक्षिणेकडे निघाला. विल्सन बरोबर होताच. एव्हन्सच्या भूशिरावर त्यांनीं तळ दिला. तेथून क्रोझियर ६७ मैल. विल्सननें सोबतीस दोघे निवडले. एक हेन्री बॉवर्स. हा बुटका, काटक मनुष्य १९०५ पासून रॉयल इंडियन मरीनमध्यें नोकरीस होता. या दलाचें मुख्य ठाणें आपल्या मुंबईस असे, आणि बॉवर्सचीं त्यापूर्वींचीं वर्षें ब्रह्मदेशची इरावती नदी, इराणचें आखात अशा उष्ण मुलखांत गेलीं होतीं. बर्फाशीं त्याचा संबंध असा नव्हताच. दुसरा ऍप्सली चेरी-गॅरार्ड, पंचविशीचा श्रीमंत तरुण, ज्यास चष्म्यावांचून धड दिसत नसे, आणि त्या थंडींत चष्मा लावणें अशक्य होतें.

२७ जून १९११ रोजीं ते निघाले. दक्षिण गोलार्धांत तो ऐन हिवाळा. दोन घसरगाड्या एकीमागें एक बांधलेल्या, ओझें ७५७ पौंड, ओढणारे तिघे. कुत्रीं नव्हतीं, घोडे नव्हते. थंडी अमुक मर्यादेपलीकडे गेली म्हणजे बर्फ निसरडें राहत नाहीं. गाडी वाळूंतून ओढावी तशी ओढावी लागते. दोन्ही गाड्या मिळून हालेनात, तेव्हां एक पुढें नेऊन ठेवावयाची, मागें यावयाचें, दुसरी न्यावयाची, असें सुरू झालें. एक मैल पुढें सरावयास तीन मैलांची पायपीट! दिवसभर राबून दोन मैलांचीहि मजल होऊं नये अशी गति. ६ जुलै रोजीं पारा फॅरनहाइटच्या मापानें उणें ७७.५ अंशांवर, म्हणजे सेल्सियसच्या मापानें उणें ६१ च्या घरांत, गेला. एके सकाळीं चेरी-गॅरार्ड तंबूबाहेर आला आणि त्यानें मान वर करून इकडेतिकडे पाहिलें. तेवढ्यांत, पंधरा एक सेकंदांत, त्याचे घामानें ओलावलेले कपडे लांकडासारखे ताठले, आणि पुढें चार तास त्याला तशाच वर केलेल्या मानेनें गाडी ओढावी लागली. त्या दिवसापासून तिघेहि बाहेर येतांच ओढण्याच्या पवित्र्यांत वांकून उभे राहूं लागले. झोपण्याची रेनडियरच्या कातड्याची पिशवी निघतांना १८ पौंडांची होती, ती श्वासाचें व घामाचें बर्फ धरून परत येईपर्यंत ४५ पौंडांची झाली. त्या पिशवींत शिरणें हेंच रोजचें मोठें काम होतें.

हे हाल सोसतांना तिघांनीं आणखी एक प्रयोगहि चालविला होता. पुढल्या उन्हाळ्यांत ध्रुवाकडे जाणारांस कोणतें अन्न मानवेल तें ठरविण्यासाठीं एकानें वाळविलेल्या मांसाची चरबींत मळलेली वडी अधिक खावयाची, दुसऱ्यानें बिस्किटें, तिसऱ्यानें लोणी. माणसाचे दांत थंडीनें तडकत असतां त्यानें लोण्याबिस्किटांचीं टिपणें ठेवावींत, याला चिकाटी म्हणावें कीं वेड, हें वाचकांनीं ठरवावें. आम्हांस त्याहून अधिक नवल वाटतें तें चेरी-गॅरार्डच्या एका साक्षीचें: त्या पांच आठवड्यांत तिघांपैकीं कोणाचाहि तोल सुटला नाहीं, आणि ‘कृपा करून’, ‘आभारी आहें’ हे शब्द बोलावयाचे राहिले नाहींत.

एकोणीस दिवसांनीं ते क्रोझियरला पोंचले. टेरर पर्वताच्या उतारावर त्यांनीं दगड रचून खोपट उभारलें, वर किंतानाचें छप्पर ताणलें. २० जुलै रोजीं दुपारच्या अंधुक उजेडांत बर्फाच्या कड्यांतून, भेगांतून, एका बिळासारख्या वाटेनें सरपटत ते वसाहतीपाशीं उतरले. विल्सन व बॉवर्स खालीं समुद्राच्या बर्फावर गेले. चेरी-गॅरार्ड त्यांना वर ओढून घेण्यासाठीं कांठावर थांबला. पूर्वीं जेथें दोन हजार पक्षी दिसले होते तेथें या खेपेस शंभरच होते. परंतु ते अंडीं उबवीत होते! हिवाळ्याच्या काळोखांत सम्राट पेंग्विन अंडें पायांवर घेऊन, पोटाच्या कातड्याची घडी त्यावर पांघरून उभा आहे, हें दृश्य मनुष्याच्या डोळ्यांनीं प्रथम पाहिलें तें त्या दिवशीं. विल्सननें अंडें समजून एक गोळा उचलला. तो निघाला मळकट बर्फाचा. ज्यांचीं अंडीं गेलीं होतीं असे पक्षी अंड्याच्या आकाराचे बर्फाचे गोळे पायांवर घेऊन उबवीत होते.

पांच अंडीं त्यांनीं घेतलीं. लोंकरी हातमोज्यांत घालून तीं गळ्याला बांधलीं. चेरी-गॅरार्डकडे दोन होतीं. त्या आंधळ्या चालीत ठेंचकाळून पडतां पडतां तीं दोन्ही फुटलीं. तीन उरलीं.

दुसऱ्या खेपेचा त्यांचा बेत होता, परंतु वादळानें तो मोडला. २२ जुलैच्या रात्रीं वारा उठला. खोपटाशेजारीं रोंवलेला तंबू प्रथम उडाला. तंबू गेला म्हणजे परतीच्या वाटेवर आसरा गेला, आणि आसरा गेला म्हणजे प्राण गेला, हें तिघेहि जाणत होते. दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, खोपटाचें छप्पर फाटून त्याच्या चिंध्या झाल्या. विल्सनचा तो एकोणचाळीसावा वाढदिवस. तिघे आपापल्या पिशव्यांत पडून राहिले, अंगावर बर्फ साचूं दिलें, आणि वाऱ्यांत एकमेकांस ऐकूं जावो न जावो, भजनें म्हणत राहिले. जेवण असें दोन दिवस झालें नाहीं. वारा पडल्यावर अर्ध्या मैलावर, उताराच्या तळाशीं, तंबू जवळजवळ धड सांपडला. त्यानंतर बॉवर्स झोपतांना तंबूची दोरी स्वतःच्या पिशवीला बांधून झोपे. तंबू जाईल तर मीहि त्याबरोबर जाईन, असा त्याचा हिशेब. इतकें होऊनहि त्याला पुन्हां एकदां वसाहतींत जावयाचें होतें. विल्सननें नको म्हटलें. १ ऑगस्ट रोजीं ते तळावर पोंचले तेव्हां अंगावरचे कपडे कापून काढावे लागले.

विल्सन आणि बॉवर्स पुढें स्कॉटबरोबर ध्रुवावर गेले आणि परत येतांना १९१२ च्या मार्चअखेरीस तंबूंतच मृत्यु पावले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजीं जी शोधमंडळी त्या तंबूपाशीं पोंचली तींत चेरी-गॅरार्ड होता. मृतांच्या गाडीवर ३५ पौंड दगड होते. बिअर्डमोर हिमनदीच्या कांठीं विल्सननें वेंचलेले. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीचे ठसे निघाले. हींच पानें आमच्या नागपुराजवळ कामठीच्या वालुकाश्मांत सांपडतात. स्टीफन हिस्लॉप या मिशनरी विद्वानानें तीं गेल्या शतकाआधींच्या शतकांत जमविलीं होतीं. गोंडवन, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया हे प्रदेश एके काळीं एकाच भूखंडाचे भाग होते, या मताला त्या दगडांनीं मोठा आधार दिला. ज्या खंडाला गोंडांच्या नांवावरून गोंडवनभूमि म्हणतात तें हेंच. जें शोधावयास जीव धोक्यांत घातला त्या अंड्यांतून कांहींच निघालें नाहीं, आणि वाटेंत सहज उचललेल्या दगडांतून पृथ्वीचा इतिहास निघाला. शास्त्राच्या वाटेवर असें पुष्कळदां घडतें. परंतु वाटेंत उचललें तें महत्त्वाचें आहे हें ओळखणारी नजर विल्सनची होती, हें विसरतां कामा नये.

अंडीं मात्र चेरी-गॅरार्डनें १९१३ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांत स्वतः नेऊन दिलीं. त्यानें पुढें लिहिलेल्या हकीकतीप्रमाणें तेथें त्याचें स्वागत एखाद्या फेरीवाल्यासारखें झालें. पावतीसाठीं त्याला ओसरींत ताटकळत बसावें लागलें. कांहीं दिवसांनीं तो स्कॉटच्या बहिणीला घेऊन पुन्हां गेला, तेव्हां अशीं अंडीं आमच्याकडे नाहींतच, असें त्यांना सांगण्यांत आलें. अंड्यांतील गर्भ तपासण्यास दिले ते रिचर्ड ऍशेटन यास. तो १९१५ सालीं वारला. मग ते एडिंबरोच्या कॉसार युअर्टकडे गेले. शेवटीं पार्सन्स नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञानें १९३४ सालीं अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्याचा निष्कर्ष असा कीं, पेंग्विनाच्या गर्भवाढीविषयींच्या ज्ञानांत या अंड्यांनीं फारशी भर घातली नाहीं. हेकेलचा सिद्धान्त तोंवर शास्त्रज्ञांनीं बाजूस सारला होता. पेंग्विन आदिमहि नव्हता. तो उडणाऱ्या पूर्वजांपासून झालेला, अल्बट्रॉस पक्ष्यांचा दूरचा भाऊबंद आहे, हें आज सर्वमान्य आहे. १९२२ सालीं शेजारी बर्नार्ड शॉ याच्या उत्तेजनानें चेरी-गॅरार्डनें या प्रवासाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यांतील संग्रहालयाचा प्रसंग हंसवतो; पण दोन मित्र गमावलेल्या माणसाचें तें हंसूं आहे.

त्याच सफरींतील दुसऱ्या एका तुकडीची गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. लेव्हिक नांवाचा डॉक्टर ऍडेअरच्या भूशिरावर १९११–१२ च्या उन्हाळ्यांत आदेली पेंग्विनांच्या वसाहतीशेजारीं राहत होता. आदेलीचा संसार आपल्या परिचयाच्या पक्ष्यांसारखा: उन्हाळा, खड्यांचें घरटें, दोन अंडीं, नरमादीची आळीपाळी, आणि शेजाऱ्याच्या घरट्यांतील खडे चोरणें. लेव्हिकनें हें सर्व पाहून १९१४ सालीं सुरेख पुस्तक लिहिलें. परंतु या पक्ष्यांचें कांहीं कामवर्तन त्याला इतकें विपरीत वाटलें कीं, तें त्यानें वहींत ग्रीक अक्षरांत उतरविलें. त्यावरील टिपण ‘प्रसिद्धीसाठीं नव्हे’ असा शिक्का मारून शंभर प्रतींपुरतें छापलें गेलें, आणि सर्वांपुढें आलें तें २०१२ सालीं. त्यानें पाहिलेलें बरेंचसें आजच्या अभ्यासकांनीं खरें ठरविलें आहे. म्हणजे एकाच सफरींत एकानें चुकीचा प्रश्न घेऊन अंडीं आणलीं, तर दुसऱ्यानें बरोबर पाहिलें आणि तें पेटींत बंद राहिलें.

सम्राटाचें खरें वर्तन उलगडलें तें बऱ्याच काळानें, आणि तेंहि अंडें फोडून नव्हे, तर पक्ष्यांशेजारीं वर्षभर बसून. १९४९ सालीं बर्नार्ड स्टोनहाउस यानें अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या डिऑन बेटांवर कांहीं काळ निरीक्षण केलें. १९५२ च्या जानेवारींत आदेली किनाऱ्यावरील फ्रेंचांचा तळ आगींत भस्म झाला. त्यानंतर सात जण लहानशा खोपटांत सम्राट पेंग्विनांच्या वसाहतीजवळच हिवाळाभर राहिले. त्यांतील झाँ प्रेव्हो यानें या पक्ष्याचें सारें वर्ष टिपून काढलें.

तें वर्ष असें. दक्षिणेकडील शरद ऋतूंत, मार्च–एप्रिलमध्यें, पक्षी समुद्रांतून बाहेर पडून नव्या बर्फावर वसाहतीच्या जागीं चालत येतात. मे–जूनमध्यें मादी एकच अंडें घालते. तें घालतांच तिची शक्ति संपलेली असते. तें ती नराच्या पायांवर सरकवते आणि समुद्राकडे निघून जाते. हें सरकविणें जपून करावें लागतें, कारण अंडें बर्फावर थोडा वेळ राहिलें तरी गोठून फुकट जातें. पुढें सुमारें चौसष्ट दिवस नर तें सांभाळतो. वसाहतीवर आल्यापासून मादी परत येईपर्यंत जवळजवळ चार महिने त्याच्या पोटांत अन्नाचा कण जात नाहीं. देहाच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग झडतो. वारा सुटला म्हणजे हजारों नर एकमेकांस चिकटून दाट घोळका करतात. त्या घोळक्याच्या आंत पारा कधीं कधीं ३७ सेल्सियसपर्यंत चढलेला आढळला आहे! २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणांत दिसलें कीं, अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतरानें घोळक्यांतून लाटेसारखी एक हालचाल जाते, प्रत्येक पक्षी पांच-दहा सेंटिमीटर पाऊल सरकवतो, आणि अशा रीतीनें बाहेरचे हळूंहळू आंत येतात. घोळक्यांत कोणी मालकीची जागा धरून बसत नाहीं. इतर पेंग्विन आपल्या घरट्याभोंवतींची वीतभर जमीन राखण्यासाठीं चोंची मारतात. याला घरटेंच नसल्यामुळें राखण्यासारखें कांहीं नाहीं. आमच्या मतें घरटें न बांधण्याचें खरें रहस्य यांतच आहे: अंडें पायांवर असलें तरच बाप चालूं शकतो, आणि चालूं शकला तरच घोळक्यांत शिरूं शकतो.

मादी येण्यापूर्वीं पिलूं अंड्यांतून निघालें तर उपाशी बाप अन्ननलिकेंतून एक प्रकारचें दह्यासारखें सत्त्व काढून त्याच्या तोंडांत घालतो. मादी परत येते तेव्हां घरट्याची खूण नसल्यानें हजारोंच्या गर्दींत जोडीदाराची ओळख पटते ती आवाजावरून. हा पक्षी कंठांतून एकाच वेळीं दोन सूर काढतो, आणि त्यांचा मेळ प्रत्येकाचा निराळा. पुढें दोघे आळीपाळीनें समुद्रावर जाऊन पिलाला चारतात. पिलूं मोठें होऊन पाण्यांत उतरतें तें डिसेंबर–जानेवारींत, जेव्हां समुद्र खुला होऊन अन्नानें भरलेला असतो. म्हणजे कावळ्याचा हिशेब आणि सम्राटाचा हिशेब एकच! पिलाला वाढावयास महिनेच्या महिने लागतात, म्हणून सुगीच्या दिवशीं तें स्वतंत्र व्हावें यासाठीं पेरणी भर हिवाळ्यांत करावी लागते, इतकेंच.

या हिशेबांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पायांखालचें समुद्राचें बर्फ डिसेंबरपर्यंत टिकेल. पिलाच्या अंगावर पाण्यापासून राखणारीं पिसें येण्यापूर्वीं बर्फ फुटलें तर पिलूं बुडतें. २०१६ च्या ऑक्टोबरांत वादळानें हॅली उपसागरांतील बर्फ मोडलें आणि तेथील मोठ्या वसाहतीचीं पिलें गेलीं. २०२२ सालीं बेलिंग्सहाउझेन समुद्राकांठच्या पांचांपैकीं चार वसाहतींत एकहि पिलूं वांचलें नाहीं असें दिसून आलें. स्टोनहाउसची डिऑन बेटांवरील वसाहत तर २००९ पर्यंत नाहींशीच झाली होती. हीं गणनेचीं कामें आतां आकाशांतून होतात. बर्फावर पडलेला विष्ठेचा तपकिरी डाग कृत्रिम उपग्रहाच्या चित्रांत दिसतो, हें २००९ सालीं ब्रिटिश संशोधकांनीं दाखविलें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत सेहेचाळीस वसाहती व २ लक्ष ३८ हजारांच्या आसपास जोडपीं भरलीं, आणि त्यानंतर आणखी कांहीं वसाहती सांपडल्या आहेत.

क्रोझियरची वसाहत त्या नकाशावर आहे. १९५७ सालीं एडमंड हिलरी ट्रॅक्टर घेऊन तेथें गेला, तेव्हां त्याला उतारावरील दगडी खोपटाच्या भिंती व विल्सनच्या मंडळींनीं मागें टाकलेल्या कांहीं वस्तू मिळाल्या. २००१ सालीं एक अवाढव्य हिमखंड येऊन या भूशिरावर आदळला. पक्ष्यांची जागा उद्ध्वस्त झाली, आणि पुढें एका वर्षीं तर तेथें एकहि पिलूं वाढलें नाहीं. हिमखंड कांहीं वर्षांनीं निघून गेला. पक्षी पुन्हां येऊं लागले, आणि जून महिन्याच्या काळोखांत ते तेथें अंडीं घेऊन उभे असतात.